पाचूबनामागचा डोह

मुलुंड (पश्चिम)
१७ नोव्हेंबर २०२४

सुबोध,

परवा तू फोनवर अक्षताच्या लग्नाची जागा सांगितलीस आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून मी फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. बोलत राहिले असते तर आपलं भांडण झालं असतं, आणि पोरीचं लग्न ठरलेलं असताना ते मला नको होतं. म्हणून लिहिते. पत्रात तुला मध्येच तोडता येत नाही, एवढा तरी फायदा.

कृणाल मला आवडला, हे आधी सांगते. साखरपुड्याला सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर तो शेवटच्या पंगतीला आचाऱ्यांबरोबर जेवायला बसला. मी बघत होते.

पण लग्न पाचूबन रिसॉर्टमध्ये करू नका. ती जागा माझ्या घरापासून लांब नाही. आमच्या कॉलनीचा रस्ता संपतो तिथून पायवाट वर चढते. आधी पाडा लागतो आणि पाड्याच्या वर हे रिसॉर्ट. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा तिथे एक साधी वाडी होती, आंब्याची आणि फणसाची. मग तारेचं कुंपण आलं. मग खोल्या आल्या. मग लग्नाचं लॉन. दरवर्षी कुंपण थोडं वर सरकतं, आणि वर सगळा राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. झाडांच्या बुंध्याशी काहीतरी ओततात. झाड उभ्या उभ्या वाळतं, मग धोकादायक म्हणून कापतात. लग्नसराईत रात्रभर आवाज आणि दिवे. बिबटे तिथून हटतात आणि खाली पाड्यात येतात. मी ज्या कमळकडून भाजी घेते तिच्या दोन शेळ्या गेल्या. आता ती दिवस कलला की पोरांना बाहेर सोडत नाही.

आणि ओढा आटलाय. पाड्यात तो शिमग्यापर्यंत वाहतो. या वर्षी दिवाळीतच नुसते गोटे राहिले. बायका आमच्या कॉलनीच्या गेटवरच्या नळाला हंडे घेऊन येतात.

आम्ही सकाळी फिरणारी माणसं यावर वर्षभर अर्ज करतोय. तूही रोज बोरिवलीच्या गेटातून आत जाऊन फिरतोसच. तोच डोंगर आहे रे. तू त्या बाजूने चढतोस, मी या बाजूने.

दुसरी जागा बघा. शोधायला मी मदत करते.

ताई


बोरिवली (पूर्व)
२६ नोव्हेंबर २०२४

ताई,

तुझं पत्र यायला आठवडा लागला. डोंगरातून चालत आणून दिलं असतंस तर लवकर पोचलं असतं.

हे बघ, जागा आम्ही ठरवलेली नाही. राजेश म्हणून कृणालचा मामा आहे, साखरपुड्यात पांढऱ्या सफारीत होता तो. त्याची त्या रिसॉर्टमध्ये भागीदारी आहे. कृणालचे वडील लवकर गेले. या मामाने दोघा भावंडांना शिकवलं, उभं केलं. तो म्हणाला, भाच्याचं लग्न माझ्या जागेत. आता मी मुलीचा बाप, मी काय बोलू? माझी बहीण तिकडे फिरायला जाते आणि तिला ती जागा पसंत नाही, असं सांगू?

आणि बेकायदेशीर म्हणजे काय गं? गेटवर परवानगीचा बोर्ड आहे, नंबर आहे, शिक्का आहे. मी स्वतः जाऊन बघून आलो. मुलुंडला येऊन तुझ्याकडे आलो नाही म्हणून रागावू नकोस, गाडी त्यांची होती. जागा झकास आहे. एवढी हिरवळ मुंबईत कुठे राहिलीय? उलट त्यांनी जंगल छान राखलंय. खोल्यांच्या मागे वळून गेलं की ओढ्याला भिंत घालून मोठा डोह केलाय. पाणी एवढं नितळ की तळाचे दगड दिसतात. अक्षता आणि कृणालचे लग्नाआधीचे फोटो तिथेच काढायचे ठरलेत.

तू आयुष्यभर शाळेत पोरांना शिस्त लावलीस, आता रिसॉर्टला लावायला निघालीस. सवय आहे तुझी. पण ही तुझ्या भाचीची गोष्ट आहे. तिला चांगलं माणूस मिळालंय. सत्तावीस फेब्रुवारीला लग्न आहे. तेवढं होऊ दे, मग काय ते आंदोलन कर.

सुगंधाने नारळाच्या वड्या केल्यात. कोणी येणारं असेल तर पाठवते म्हणाली.

सुबोध


मुलुंड (पश्चिम)
९ डिसेंबर २०२४

सुबोध,

वड्या मिळाल्या. सुगंधाला सांग, आईच्या हाताची आठवण झाली.

तुझ्या पत्रातली डोहाची ओळ मी बऱ्याचदा वाचली. ओढा का आटला हे आम्हाला कोणालाच कळत नव्हतं. वनखात्याची माणसं मागे पाहणीला गेली, तेव्हा त्यांना लॉन आणि पुढच्या खोल्या दाखवून चहा पाजून परत पाठवलं. आम्हाला तर गेटच्या आत घेत नाहीत. खोल्यांच्या मागच्या वळणावर काय आहे ते तू लिहिलंस तेव्हा समजलं.

काल सुगंधाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. अक्षता पोपटी साडीत पाण्याकाठी बसलीय. सुंदर दिसते. तिच्या मागे सिमेंटची भिंत आहे आणि भिंतीमागे दोन सुळक्यांचा कातळ. तो कातळ उद्यानाच्या हद्दीत आहे. मी पंचवीस वर्षं मुलांच्या सहली त्याच्या पायथ्याशी नेल्या, त्यात माझी चूक व्हायची नाही.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. आम्ही नुसते अर्ज करत नाही, कोर्टात गेलोय. अर्जदारांत पहिलं नाव माझं आहे. रिसॉर्टने लिहून दिलंय की त्यांनी ओढ्याला हात लावलेला नाही आणि जंगलात एक वीटही ठेवलेली नाही. वकील म्हणतात, हा एक फोटो दाखवला तर कोर्ट स्वतःचा माणूस पाहणीला पाठवेल. त्याशिवाय होणार नाही.

फोटो तुमचा आहे. तुला विचारल्याशिवाय देणार नाही. दोघांचे चेहरे झाकून देऊ. एकोणीस तारखेला सुनावणी आहे. हो की नाही, एवढंच कळव. फोनवर सांगितलंस तरी चालेल, या वेळी मी फोन ठेवणार नाही.

ताई


बोरिवली (पूर्व)
७ जानेवारी २०२५

उत्तराताई,

चेहरे झाकून देणार होतीस. दिलेस. आता आमच्या सगळ्या सोयऱ्यांत तो कोर्टाचा कागद फिरतोय, आणि त्यात माझ्या मुलीच्या तोंडाला काळं फासलेलं आहे. साडी तीच, बांगड्या त्याच. फोटो काढणारा रिसॉर्टचाच माणूस. राजेशला ओळखायला किती वेळ लागला असेल?

मी गावाला गेलो होतो, देवाला पहिली पत्रिका ठेवायला. फोन लागत नव्हता. उत्तर आलं नाही म्हणजे हो, असं कुठल्या शाळेत शिकवलंस? आणि विचारायचंच होतं तर मला कशाला? फोटो अक्षताचा. तिचा नंबर तुझ्याकडे आहे. तिला विचारायची छाती झाली नाही, म्हणून बापाला पत्र पाठवून मोकळी झालीस.

पुढचं सांगतो. रविवारी राजेश आमच्याकडे येतोय. तो फोटो कर्जतच्या एका फार्महाऊसवर काढला, असं अक्षता आणि कृणालने लिहून द्यायचं. ते दिलं की लग्न ठरल्या दिवशी, ठरल्या जागी. नाही दिलं तर काय, ते त्याने बोलून दाखवलं नाही आणि मला ऐकायचंही नाही. अक्षता सही करेल. मी तिला सांगणार आहे.

तू लग्नाला येऊ नकोस. हे लिहिताना मला बरं वाटतंय असं समजू नकोस.

सुबोध


मुलुंड (पश्चिम)
११ जानेवारी २०२५

सुबोध,

हे पत्र कुरियरने पाठवतेय, उद्याच्या आत मिळावं म्हणून.

अक्षताला विचारायला हवं होतं. तू म्हणतोस ते खरं आहे. तिने नाही म्हटलं असतं तर मला थांबावं लागलं असतं, आणि मला थांबायचं नव्हतं.

सही करायची की नाही, ते मी तिला सांगणार नाही. तिने कर्जत लिहून दिलं तर मी कोर्टात तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. वकिलांना तसं सांगून ठेवलंय. ते नाराज झाले, आमच्या गटातले दोघंतिघं जास्तच. मग फोटोला अर्थ उरणार नाही आणि पाहणीही व्हायची नाही.

हे सगळं मी काल पाड्यात जाऊन कमळला सांगितलं. आमच्या घरचं लग्न आहे, मुलगी माझी भाची आहे, सगळं. ती आळूची पानं जुड्या करत होती. करतच राहिली. मग म्हणाली, "बरं. मग पाणी कुठून आणायचं ते सांगा."

थोडा वेळ तिच्याबरोबर जुड्या बांधल्या आणि घरी आले.

लग्नाला येणार नाही. अक्षताला माझे आशीर्वाद दे. ते कुठल्या जागेवर अवलंबून नाहीत.

ताई


बोरिवली (पूर्व)
२२ जानेवारी २०२५

आत्या,

मी कधी कोणाला पत्र लिहिलेलं नाही. पण तुम्ही दोघं बोलतच नाही, त्यामुळे तुला काही कळलं नसणार. बाबा सांगणार नाहीत. म्हणून मीच लिहिते.

आधी माझं. मला तुझा राग आलाय. क्लिनिकमध्ये एका पेशंटने मोबाईलवर तो फोटो दाखवला आणि विचारलं, मॅडम, ही तुमचीच साडी ना? मी त्यांच्या गुडघ्याला पट्टी बांधत होते. तू विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं का, मला खरंच माहीत नाही. पण मला विचारलंय, हे तरी मला कळलं असतं.

आता रविवारचं.

राजेशमामा, कृणाल आणि त्याची आई असे तिघं आले. आईने पोहे केले, कोणी नीट खाल्ले नाहीत. मामांनी कागद काढून टीपॉयवर ठेवला. इंग्रजीत होता, टाईप केलेला. माझं नाव, कृणालचं नाव, खाली सहीची जागा. बाबा म्हणाले, "चष्मा आण गं." मी आणला. त्यांनी सगळा कागद वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला.

"यात कर्जत लिहिलंय," बाबा म्हणाले.

"हो. वकिलानेच करून दिलंय," मामा म्हणाले.

"पण आम्ही कर्जतला गेलोच नाही."

"सुबोधराव, तेवढं चालतं. कोर्टात सगळेच लिहितात."

"सही कोणाची?"

"मुलांची. आपण मोठे कशाला मध्ये पडायचं?"

बाबांनी कागद परत टीपॉयवर ठेवला. खरं सांगू, मला वाटलं होतं ते पेन माझ्या हातात देणार. आदल्या रात्री त्यांनी मला तसंच समजावलं होतं, दोन ओळींचा प्रश्न आहे, आयुष्य पुढे पडलंय वगैरे. मी झोपले नव्हते, पण तयार झाले होते. आणि ते मामांना म्हणाले, "जागा तुमची, भिंत तुमची. खोटं मात्र माझ्या पोरीच्या नावावर. असं नाही जमायचं. तुम्ही लिहून द्या ना, भिंत कर्जतला आहे म्हणून."

मामा हसले. चिडले नाहीत, नुसते हसले. मग कृणालला म्हणाले, "तू कर सही. नवऱ्यामुलाची एक असली तरी पुरे."

मी कृणालकडे बघितलं. आत्या, तो वाईट मुलगा नाही. तू म्हणालीस तसाच आहे, सगळ्यांना वाढून मग स्वतः जेवणारा. पण मामासमोर त्याची मान वर होत नाही. त्यांनी त्याच्या फिया भरल्यात, आईच्या ऑपरेशनचा खर्च केलाय, ते सगळं त्याच्या मानेवर बसलेलं असतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पेन उचललं आणि सही केली.

मला वाटतं, सही करायच्या आधी त्याने नुसती माझ्या नावाने हाक मारली असती तरी मी थांबले असते. मी अंगठी काढून कागदावर ठेवली. कोणी रडलं नाही. आई उठून आत गेली आणि डबे लावल्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या वकिलांचा नंबर शोधून फोन केला. फोटो पाचूबनमध्येच काढला, मी तिथे होते, असं लिहून सही करून दिलं. हे तुझ्यासाठी केलं नाही. माझं तोंड झाकलेला फोटो कोर्टात पडलाय, तर निदान माझं नाव उघडं असू दे, म्हणून केलं.

अजून एक, आणि हे मी सांगितलं हे बाबांना कळू देऊ नकोस. तुझं डिसेंबरचं पत्र त्यांना गावी जायच्या आधीच मिळालं होतं. दारात उभ्यानेच वाचलं आणि खिशात घातलं. आईने विचारलं, ताई काय म्हणतात? तर म्हणाले, वड्या पोचल्या. ते पत्र गावाला जाऊन परत आलं. उत्तर का दिलं नाही, ते त्यांनाच माहीत. मला वाटतं, त्यांना 'नाही' लिहायचं नव्हतं. आणि 'हो' लिहायची हिंमत नव्हती.

अक्षता


मुलुंड (पश्चिम)
३ मार्च २०२५

अक्षता,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला वेळ लागला. माफी मागायची तर ती सोपी, आणि ती मी मागते. पण तुला निदान काही घडलेलं सांगावं, म्हणून थांबले होते.

तुझ्या सहीनंतर कोर्टाने पाहणीला माणूस पाठवला. गेटवर बराच वेळ किल्ली सापडत नव्हती, म्हणून ते लोक बाजूच्या कुंपणावरून आत गेले. भिंत उद्यानाच्या हद्दीत निघाली. गेटवरच्या बोर्डावर जो नंबर होता तो वाडीतल्या जुन्या विहिरीच्या दुरुस्तीचा होता. बाकी कशाचीच परवानगी नव्हती. लॉनला सील लागलं. भिंत पाडायचा हुकूम झाला.

गुरुवारी सकाळी पाडली. आम्ही फिरणारे सगळे होतो, आणि पाडाही वर आला होता, म्हाताऱ्यांसकट. मशीन तिथपर्यंत जाईना, म्हणून माणसांनी घणाने फोडली. आधी एका कोपऱ्यातून पाणी बारीक यायला लागलं, मग एकदम भिंतीचा मधला भाग बसला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते पाण्याबरोबर खाली उतरायला लागले, काठाकाठाने, पाणी कुठवर जातं ते बघत. सुकलेल्या गोट्यांत ते आधी मुरत होतं. मग पुढे सरकायचं, परत मुरायचं. पाड्याच्या वळणाशी पोचायला दुपार झाली. कमळ तिथे आधीच जाऊन बसली होती. तिने पायाच्या बोटांनी पाणी चाचपलं आणि म्हणाली, "गढूळ आहे. उद्या भरू."

जिंकलो, असं तुला लिहिणार नाही. खोल्या उभ्याच आहेत. मालकांनी वरच्या कोर्टात अपील केलंय आणि ते वर्षानुवर्षं चालेल. वाळलेली झाडं परत येणार नाहीत. आणि रिसॉर्टमध्ये झाडलोट करणाऱ्या पाड्यातल्या दोघींचं काम गेलं. त्या माझ्याशी बोलत नाहीत.

सत्तावीस तारखेला तू काय करत असशील, याचा दिवसभर विचार करत होते. फोन हातात घेतला आणि ठेवला. भिंत त्याच दिवशी पडली, हा योगायोग. मला तो गोड वाटला नाही.

गटातले लोक विचारतात, तो फोटो नसता तर? मी सांगते, फोटो पुरला नव्हता. फोटोतल्या मुलीने नाव दिलं तेव्हा काम झालं.

तुझी आत्या


बोरिवली (पूर्व)
१६ मार्च २०२५

ताई,

अक्षताने तुझं पत्र मला वाचायला दिलं. तिने तुला काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही, पण अंदाज आहे. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, तूही विचारू नकोस.

माझा राग गेलाय असं समजू नकोस. सुगंधा अजून पत्रिकांचा गठ्ठा कपाटातून काढत नाही. सोयऱ्यांकडे गेलो की लोक आधी अक्षताची चौकशी करतात आणि मग आवाज खाली आणतात. तिचं तिला काही वाटत नाही, निदान दाखवत नाही. क्लिनिकला जाते, येते, रात्री आईबरोबर टीव्ही बघते. मागच्या आठवड्यात कृणाल खाली बिल्डिंगपाशी येऊन उभा होता. ती खाली गेली, दोघं बोलले, आणि ती एकटी वर आली. मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "सही मागे घेतो म्हणाला. मी म्हटलं घे, पण माझ्यासाठी घेऊ नकोस." तेवढंच.

हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या इथे सकाळी फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे तो तुला माहीत आहे. काल एकाने मालकांच्या अपिलाविरुद्ध तुम्ही काढलेला कागद आणला. या बाजूच्या लोकांच्याही सह्या पाहिजेत म्हणे, डोंगर एकच आहे. बाकावर बसून तो मोठ्याने वाचत होता. पहिलं नाव वाचलं आणि म्हणाला, "ही उत्तरा धुरी कोण? बाई भारी चिकट दिसते." सगळे हसले.

मी म्हटलं, "माझी ताई."

दोघंजण उठून पुढे चालायला लागले, त्यांना राजेशचं प्रकरण ठाऊक आहे. बाकीचे बसून राहिले. एकाने विचारलं, मग तुमच्या मुलीचं लग्न मोडलं ते याच्यातच का? मी हो म्हटलं. त्याने पेन पुढे केलं. मी सही केली. माझ्यामागे अजून काहींनी केली. किती ते मोजलं नाही.

पुढच्या रविवारी अक्षता तुझ्याकडे यायचं म्हणते. तिला पाड्यात जायचंय, कमळला भेटायचंय आणि ती जागा भिंतीशिवाय बघायचीय. सुगंधा येत नाही, तिला वेळ लागेल, तिला आग्रह करू नकोस. मी येतोय. जेवायला तुझ्याकडे थांबू, साधंच कर काहीतरी.

वर चढायची वाट कशी आहे, बूट घालू की चप्पल चालेल, ते कळव. पत्र नको लिहूस, पोचायचं नाही. फोन कर.

सुबोध